पावसाचं पाणी गेटात शिरण्याआधी: मुंबई-ठाण्यातल्या सोसायट्या आणि चाळींसाठी तयारी

जून उजाडला की सखल भागातल्या सोसायट्या पंप शोधायला लागतात. पंप येतो, पाणी उपसून रस्त्यावर सोडलं जातं, आणि रस्ता अंगणापेक्षा उंच असल्यामुळे तेच पाणी गेटातून परत आत येतं. मोटार तापते, पातळी तिथल्या तिथे. यात पंपाचा दोष नसतो. पाणी कुठून येतंय हे न बघता पैसे खर्च केलेले असतात.

पाणी आवारात चार वाटांनी येतं: गेटातून, गटारातून उलटं, तळमजल्याच्या नहाणी-संडासातून वर, आणि आपल्याच गच्चीवरून खाली. प्रत्येक वाटेचा उपाय वेगळा. गेटावर भिंत घातली आणि गटार उघडं राहिलं, तर आतलं अंगण बाहेरच्या रस्त्याइतकंच भरतं. म्हणून पहिलं काम पातळी मोजण्याचं, आणि ते मे महिन्यातच करायचं.

लेव्हल ट्यूबने एक सकाळ

गवंडी वापरतात ती पारदर्शक प्लास्टिकची नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. साधारण १० मिमी जाडीची, १५ ते २० मीटर लांब घ्या. तिच्यात पाणी भरा, चिमूटभर नीळ टाका म्हणजे रेघ स्पष्ट दिसते. नळीत एकही बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर माप दोन-तीन सेंटीमीटरने चुकतं. वाचन घेताना दोन्ही टोकं उघडी हवीत. नळी नेताना पाणी सांडू नये म्हणून अंगठा लावतात आणि तो काढायलाच विसरतात, ही नेहमीची चूक.

एकाने गेटासमोर रस्त्याच्या मधोमध उभं राहायचं, नळीचं टोक उभ्या पट्टीला धरायचं आणि पाण्याची रेघ रस्त्यापासून बरोबर १०० सेंटीमीटरवर आणायची. दुसऱ्याने दुसरं टोक मीटर रूममध्ये धरून तिथल्या फरशीपासून रेघेपर्यंतची उंची मोजायची. ती ६५ आली, तर मीटर रूमची फरशी रस्त्यापेक्षा ३५ सेंटीमीटर उंच आहे. ११० आली, तर ती रस्त्यापेक्षा १० सेंटीमीटर खाली आहे आणि मीटर रूमची चिंता सगळ्यात आधी करायला हवी.

असंच गेटाचा उंबरठा, अंगणातला सर्वांत खोल कोपरा, जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण, लिफ्टच्या खड्ड्याचा काठ, पंपरूम, तळमजल्याच्या घरांचे उंबरठे, बेसमेंटच्या उताराचा माथा आणि शेवटच्या चेंबरचं झाकण मोजा. मीटर रूममध्ये फरशीबरोबर सर्वांत खालच्या कटआउटची (फ्यूजच्या डब्याची) उंचीही नोंदवा. हे दहा-बारा आकडे म्हणजे तुमच्या सोसायटीचा खरा नकाशा.

मग जुने पूर शोधा. गेटावरची गंजाची आडवी रेघ, जिन्याखालच्या प्लास्टरवरचा डाग, चाळीस वर्षं तिथे राहणाऱ्या आजींना आठवणारी पायरी. २६ जुलै २००५ चं पाणी कुठवर आलं होतं हे सांगणारं कुणीतरी जुन्या इमारतीत नक्की भेटतं. त्या उंच्याही त्याच वहीत लिहा.

यावरून गेटाच्या खांबावर तीन पट्टे रंगवा. पिवळा पट्टा पाणी उंबरठ्याला टेकतं तिथे. केशरी पट्टा टाकीच्या झाकणाच्या १५ सेंटीमीटर खाली. लाल पट्टा मीटर रूमच्या फरशीच्या १५ सेंटीमीटर खाली. (तुमच्याकडे क्रम वेगळा असू शकतो, जे आधी बुडतं त्याचा पट्टा आधी.) रात्री दोन वाजता वॉचमनला सेंटीमीटर आठवायचे नसतात, रंग बघायचा असतो.

हिशेब: किती पाणी आणि केवढा पाइप

१ मिमी पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लीटर पाणी. तुमचा प्लॉट २००० चौरस मीटरचा, बहुतेक काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकचा, आणि तासाला ५० मिमी पाऊस पडतोय असं धरा. दहा टक्के मुरलं किंवा अडलं तरी तासाला ९०,००० लीटर, म्हणजे सेकंदाला २५ लीटर पाणी बाहेर जायला हवं.

आता बाहेर नेणारा पाइप बघा. दर २०० फुटांना १ फूट उतार असेल तर स्वच्छ ६ इंची पाइप सेकंदाला जेमतेम ९ लीटर नेतो. ९ इंची साधारण २७, आणि १२ इंची ६० च्या आसपास. म्हणजे ६ इंची पाइप कितीही साफ केला तरी जोराच्या पावसात अंगण भरणारच. तिथे सफाईवर वाद घालण्यापेक्षा पाइप बदलण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत आणा. आणि ९ इंची पाइपात तीन इंच गाळ बसला असेल, तर तोही सेकंदाला २५ लीटर नेऊ शकत नाही.

बाहेरच्या व्यवस्थेलाही मर्यादा आहे. मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला २५ मिमी पावसासाठी, तेही ओहोटी असताना, बांधलेल्या होत्या. ब्रिमस्टोवॅड या महापालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्या सुधारण्याच्या प्रकल्पात ही क्षमता ५० मिमीपर्यंत नेण्याचं ठरलं आणि हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध इथे उदंचन केंद्रं (पाणी उपसून समुद्रात सोडणारी पंपिंग स्टेशनं) उभी राहिली. हिंदमाताजवळ जमिनीखाली साठवण टाक्या झाल्या. तरीही तासाला ५० मिमीच्या वर पाऊस गेला की रस्त्यावर पाणी साचणार, हे गृहीत धरूनच आपली तयारी करायची.

त्यात भरती. वाहिन्यांची समुद्रात उघडणारी बहुतेक मुखं भरतीच्या वेळी पाण्याखाली जातात, मग पाणी बाहेर पडतच नाही. ४.५ मीटरच्या वर भरती असलेले दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. ती यादी लिफ्टशेजारी लावा. दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास जोराचा पाऊस असेल, तर पिवळा पट्टा भिजण्याची वाट न बघता कामाला लागा.

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ अतिजोरदार, त्यावर अत्यंत जोरदार. पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला आणि कुलाब्याला १०० मिमीसुद्धा नाही. शहराचा इशारा तुमच्या गल्लीचा पाऊस सांगत नाही. गच्चीवर, टाकीच्या आडोशापासून दूर, सरळ कडेचा स्टीलचा डबा ठेवा. आत पट्टी उभी करा. १ सेंटीमीटर पाणी म्हणजे १० मिमी पाऊस. अर्ध्या तासात अडीच सेंटीमीटर भरलं, तर तासाला ५० मिमीचा वेग झाला.

मे महिन्यातली कामं

आवाराच्या आतली गटारं सोसायटीची, रस्त्याखालची महापालिकेची. आतली सफाई मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत संपवा. काढलेला गाळ गटाराच्या काठावर ठेवू नका. पहिल्या सरीबरोबर तो परत आत जातो. सुकवून दोन दिवसांत उचला.

चेंबरमध्ये माणूस उतरवू नका. ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणून कुणी तयार झाला तरी नाही. गाळ हलवला की त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, जास्त प्रमाणात असला की त्याचा वासही येईनासा होतो, आणि आतला माणूस हाक मारायच्या आत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. २०१३ च्या कायद्याने असं काम करून घेणं गुन्हा आहे. जेटिंग आणि सक्शनची गाडी मागवा. आजूबाजूच्या चार सोसायट्यांनी मिळून एका दिवसासाठी बोलावली तर खर्च वाटून जातो.

रस्त्यावरच्या जाळ्या तुंबल्या असतील तर फोटो, जागेची खूण आणि तारीख घालून महापालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पावसाळ्यात कुणाला आठवत नाही.

तळमजल्यावर नहाणीतून मैलापाणी वर येत असेल, तर शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. त्याची झडप पाणी बाहेर जाऊ देते, उलटं आलं की बंद होते. केस, दोरा, प्लास्टिकचा तुकडा अडकला की ती अर्धी उघडी राहते आणि असून नसल्यासारखी होते, म्हणून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाकण उघडून धुवा. एक गोष्ट बहुतेकांना सांगितलीच जात नाही: झडप बंद झाल्यावर तुमच्याच इमारतीचं पाणीही बाहेर जाऊ शकत नाही. वरच्या मजल्यांनी फ्लश केलं, वॉशिंग मशीन सोडलं, की ते तळमजल्याच्या घरात येतं. केशरी पट्टा भिजला की सगळ्या मजल्यांनी नळ आणि फ्लश थांबवायचे, हे आधीच ठरवून घ्या.

जमिनीखालच्या टाकीचं तोंड जमिनीबरोबर असेल तर विटा-सिमेंटची कॉलर बांधून ते जुन्या पुराच्या खुणेपेक्षा किमान ६० सेंटीमीटर वर न्या. ओव्हरफ्लोचा पाइप विसरू नका. झाकण उंच केलं आणि पाणी ओव्हरफ्लोमधून आत गेलं, असं वारंवार होतं.

गच्चीवरच्या पाण्याचा उपाय स्वस्त आहे आणि सर्वांत दुर्लक्षित. उभे पाइप अंगणात सोडलेले असतात. ते सांधे पक्के बंद केलेल्या पाइपाने थेट कुंपणाबाहेर न्या. गच्चीच्या उंचीचा दाब असल्यामुळे रस्त्यावर पाणी असलं तरी हे पाणी स्वतःच्या जोरावर बाहेर पडतं. मध्ये उघडं चेंबर मात्र नको, नाहीतर दाब तिथेच संपतो आणि पाणी अंगणात उसळतं. इमारतीने अर्धा प्लॉट व्यापला असेल, तर पंपाचं काम एवढ्यानेच निम्मं होतं.

गेटावरचा अडसर

३ मीटरच्या गेटासाठी तीन थरांची, तळाशी तीन गोण्या रुंद, मध्ये दोन, वर एक अशी रास लागते. साधारण ४२ गोण्या, साधारण फूटभर उंची. २५ किलो तांदळाच्या रिकाम्या गोण्या घ्या, प्रत्येकीत १५ किलोच्या आसपास रेती भरा. पाव ब्रास रेती पुरून उरते. सिमेंटची गोणी अर्धी भरली तरी २५ किलोच्या वर जाते आणि रात्री पावसात उचलवत नाही.

गोणी गच्च भरू नका. गच्च गोणी दगडासारखी बसते आणि फटी राहतात. अर्धी ते दोन-तृतीयांश भरलेली पसरते आणि शेजारणीला चिकटते. तोंड बांधण्यापेक्षा दुमडून गोणीखाली दाबा. विटांसारखे सांधे चुकवत रचा, प्रत्येक थर पायाने तुडवा. पाण्याच्या बाजूने जाड प्लास्टिक तळापासून वरपर्यंत टाका आणि त्याची खालची कड पहिल्या थराखाली घ्या. गोण्या उन्हात ठेवल्या तर दोन-तीन महिन्यांत फाटायला लागतात. ताडपत्रीखाली, गेटापासून दहा पावलांच्या आत ठेवा. गच्चीवर ठेवलेल्या गोण्या वेळेवर खाली येत नाहीत.

दरवर्षी पाणी येत असेल तर कायमचा उपाय करा: गेटाच्या दोन्ही खांबांना लोखंडी सी-चॅनेल, त्यात सरकवायच्या अॅल्युमिनियमच्या किंवा १९ मिमी मरीन प्लायच्या फळ्या, आणि तळाला व सांध्यांना रबराची पट्टी. इथे दाबाचा हिशेब हवा. ३० सेंटीमीटर पाणी एक मीटर रुंदीच्या फळीवर ४५ किलो जोर लावतं. ६० सेंटीमीटर पाणी दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे १८० किलो. ३ मीटरच्या गेटावर ते ५४० किलो होतं. म्हणून मध्ये काढता-घालता येणारा एक खांब लागतोच. ६० सेंटीमीटरच्या वर अडवायला जाऊ नका. साधी विटांची भिंत एवढ्या दाबाला कोसळू शकते, आणि कोसळणारी भिंत जीव घेऊ शकते.

पंप

अडसर घातल्यावर आत पडणारा पाऊस आणि झिरपणारं पाणी काढायला पंप. त्याचं तोंड अडसराच्या पलीकडे, आणि जमलं तर रस्त्याच्या उताराच्या बाजूला सोडा. २ अश्वशक्तीचा सबमर्सिबल पाच-सहा मीटर उंचीवर मिनिटाला साधारण ४०० ते ६०० लीटर काढतो. नेमका आकडा पंपासोबतच्या तक्त्यात असतो. वरच्या उदाहरणात मिनिटाला १५०० लीटर लागत होते, म्हणजे एक पंप पुरणार नाही. गच्चीचं पाणी वळवलं तर दोन पुरतील.

अंगणाच्या सर्वांत खोल कोपऱ्यात ६० सेंटीमीटर लांब, रुंद, खोल असा खड्डा करा आणि पंप भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवा. पंप बंद पडतो तो बहुधा दुधाच्या पिशवीने किंवा वेफर्सच्या पाकिटाने. दर पंधरा दिवसांनी पाण्याच्या पिंपात ठेवून थोडा वेळ चालवून बघा, नाहीतर पडून पडून तो जाम होतो. त्याचा प्लग पुराच्या खुणेच्या वर आणि स्वतंत्र ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचवर) हवा.

गरज सर्वांत जास्त असते तेव्हा वीज गेलेली असते, म्हणून एक डिझेल पंप शेजारच्या सोसायटीबरोबर मिळून ठेवा. ५ अश्वशक्तीच्या इंजिनाला तासाला साधारण १ लीटर डिझेल लागतं. सहा तासांचं आणून ठेवा. डिझेल पंप किंवा जनरेटर बेसमेंटमध्ये, बंद पार्किंगमध्ये कधीच चालवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड गुदमरवतो आणि कळूही देत नाही.

पाणी चढायला लागल्यावर

पिवळा पट्टा भिजला: अडसर लावा, पंप सुरू करा, बेसमेंटमधल्या गाड्या बाहेर काढा. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर नेऊन बंद करा. तळमजल्याच्या घरांना दार वाजवून सांगा. व्हॉट्सअॅपचा मेसेज पुरेसा नाही, झोपलेला माणूस तो वाचत नाही.

केशरी: नळ-फ्लश बंद. टाकीचा पंप बंद, वरच्या टाकीतलं पाणी जपून. एकटे राहणारे वयस्कर, ऑक्सिजनवर असलेले, डायलिसिसवाले, गरोदर बायका यांची यादी आधीपासून तयार हवी. प्रत्येक नावापुढे त्यांना वर आणणाऱ्या दोघांची नावं. तळमजल्याच्या संडासात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली रेतीची गोणी दाबून बसवा.

लाल: वीज तोडा. सोसायटीचा मुख्य स्विच फरशी कोरडी असतानाच, रबरी चटईवर उभं राहून बंद करायचा. फरशीवर पाणी आलेलं असेल तर मीटर रूममध्ये पाऊल टाकू नका. वीज कंपनीला फोन करून बाहेरून पुरवठा तोडायला सांगा. अंगणातले दिवे, लोखंडी गेट, नावाचा उजळणारा फलक यांतून पाण्यात करंट उतरतो, त्यांचं अर्थिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मेमध्येच तपासून घ्या.

बेसमेंटच्या उतारावर पाणी वाहायला लागलं की गाडी काढायला खाली जायचं नाही. कितीही महाग असली तरी नाही. दाराच्या पलीकडे अर्धा मीटर पाणी असेल तर त्या दारावर शंभर किलोच्या वर दाब असतो. ते उघडत नाही.

आणि पाणी लवकर ओसरावं म्हणून रस्त्यावरच्या मॅनहोलचं झाकण उचलू नका. गढूळ पाण्यात ते भोक दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एक डॉक्टर अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. चालावंच लागलं तर काठी पुढे टेकत, रस्त्याच्या मधला भाग आणि जाळ्या टाळत चाला.

चाळीत आणि वस्तीत गेट नसतं, प्रत्येक घराचा उंबरठा हाच अडसर. कागदपत्रं झिपच्या पिशवीत घालून माळ्यावर. गॅसचा रेग्युलेटर बंद करून सिलिंडर बांधून ठेवा, कारण भरलेला सिलिंडरही पाण्यावर तरंगतो आणि नळी तुटते. फ्रिजचा प्लग काढा. वस्तीतल्या एका पक्क्या, उंच खोलीची किल्ली कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत हवं. मुंबईत महापालिकेच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १९१६, सगळीकडे ११२, अॅम्ब्युलन्सला १०८.

पाणी ओसरल्यावर

धुण्याआधी फोटो काढा: पाण्याची रेघ, गाड्या, मीटर, फर्निचर. विम्याला आणि पंचनाम्याला तेच लागतात. बुडालेली गाडी सुरू करून बघू नका; इंजिनात पाणी असेल तर एका स्टार्टमध्ये ते निकामी होतं.

बेसमेंट भरलं असेल तर बाहेरचं पाणी उतरल्याशिवाय उपसू नका. भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असताना आतला आधार एकदम काढला तर भिंत आत ढकलली जाते. रोज साधारण एक-तृतीयांश उपसा. रात्रीत पातळी परत वर आली तर थांबा.

जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी गेलं असेल तर ते वर चढवू नका. टाकी रिकामी करा, गाळ काढा, भिंती घासा. मग भरून १०,००० लीटरला दीड ते दोन किलो ताजी ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवून वरचं पाणी टाका. चार तास ठेवून सोडून द्या, पुन्हा भरा. तरीही काही दिवस पिण्याचं पाणी उकळूनच घ्या. चिखल ओला असतानाच धुवा. ब्लीचिंग आणि संडास धुण्याचं अॅसिड एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पुराच्या पाण्यातून चाललेल्यांनी, विशेषतः पायाला जखम असेल तर, ७२ तासांच्या आत दवाखान्यात जावं. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) टाळण्यासाठी गोळ्या दिल्या जातात. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी औषध वेगळं असतं, म्हणून शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर घेऊ नका.

भिंत धुण्याआधी ओल्या रेघेवर खूण करा, सुकल्यावर तिच्यावर ऑइल पेंटने तारीख लिहा. वहीत चार आकडे टाका: पातळी, डब्यातला पाऊस, भरतीची वेळ, आणि पाणी उतरायला लागलेले तास. पाऊस थांबून ओहोटी लागल्यावरही पाणी तीन-चार तास तसंच राहिलं असेल, तर बाहेरची वाहिनी तुंबलेली असण्याची शक्यता मोठी आहे. विभाग कार्यालयाच्या पुढच्या पत्रात हे चार आकडे सर्वांत वर लिहा.